विरघळणारा यजमान

शिरूर आणि दौंड तालुक्यांत जिलेटिनचं नाव बहुतेकांच्या कानी पहिल्यांदा पडतं ते विहिरीच्या काठावर. दोन-तीन परस माती-मुरूम निघतो, मग खाली काळा पाषाण लागतो. यारीवाले भोकं पाडतात, कांड्या भरतात, वायर जोडतात आणि काठावरून कुणीतरी हाळी देतं, "लांब व्हा रं, जिलेटिन लावलंय!" पोरं बांधाआड पळतात, जमीन हादरते, धुरळा खाली बसतो.

तो जिलेटिन वेगळा. आल्फ्रेड नोबेलने १८७५ मध्ये नायट्रोग्लिसरिनमध्ये नायट्रोसेल्युलोज मुरवलं, त्याचा थलथलीत लगदा झाला आणि दिसण्यावरून त्याला हे नाव मिळालं. आपल्याला ज्याची ओळख करून घ्यायची आहे त्याचा त्या कांडीशी नात्यागोत्याचा संबंध नाही. हा गृहस्थ कधी उडालेला नाही. फुटणं, भडकणं त्याच्या रक्तात नाही. हा फक्त विरघळतो. सगळ्या आयुष्यात याने खाल्लेल्या शिव्या या एका सवयीपायी, आणि आज कर्करोगाच्या प्रयोगशाळेत याला जो मान आहे तोही तिच्यामुळेच.

दिसायला अगदी साधा. फिकट पिवळसर भुकटी, वास जवळजवळ नाही, चव म्हणावी तर नाहीच. थंड पाण्यात टाकला तर स्वतःच्या वजनाच्या पाच ते दहा पट पाणी पिऊन फुगून बसतो, पण मिसळत नाही. जरा ऊब दिली की लगेच पातळ होतो. पुन्हा गारवा लागला की जागच्या जागी धरतो. असं कितीही वेळा करा, तक्रार नाही. तापवताना अतिरेक मात्र करू नये. फार उकळला तर त्याचा धर सुटतो.

घराणं मोठं आहे. कातडी, हाडं, कंडरा, कूर्चा यांना ताण सोसायची ताकद देणारं कोलॅजन हे याचं मूळ. प्राण्यांच्या अंगातल्या एकूण प्रथिनांपैकी पाव ते तृतीयांश प्रथिन हेच. त्याचे तीन धागे एकमेकांना पीळ घालून राहतात. हा तिपेडी पीळ मांडला तो मद्रासच्या जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी, १९५४-५५ मध्ये, कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेवर क्ष-किरण टाकून. हाडं-कातडी आम्लात किंवा चुन्याच्या निवळीत मुरवून गरम पाण्यात शिजवली की हा पीळ सुटतो, धागे मोकळे होतात. ते मोकळे धागे म्हणजे जिलेटिन. गार झाल्यावर ते पुन्हा एकमेकांना बिलगू पाहतात, पण पूर्वीचा पीळ पुरता जमत नाही. जागोजाग थोडाथोडा जमतो आणि मधल्या पोकळ्यांत पाणी अडकतं. अशा पाणी धरून बसलेल्या जाळ्याला हायड्रोजेल म्हणतात.

याचा थोरला भाऊ गावाच्या जास्त ओळखीचा आहे, सरस. जुन्या सुतारांच्या पडवीत एका डब्यात पाणी, त्यात दुसरा डबा आणि त्यात सरसाचे तपकिरी तुकडे मंद आचेवर वितळत असायचे. वास असा की जेवणाच्या वेळी सुतारमामांच्या दाराशी कुणी थांबायचं नाही. चौकट, पाट, पाळणा सगळं त्याच्यावर जुळलं. १९५९ मध्ये फेविकॉल आलं आणि थोरल्याची नोकरी हळूहळू गेली. धाकटा जास्त स्वच्छ, जास्त गाळलेला. तो औषधांच्या कॅप्सूलमध्ये शिरला आणि तगला. कुरकुंभच्या एमआयडीसीत औषधांचे कारखाने आहेत. तिथल्या कामगाराला जिलेटिन म्हटलं तर विहीर आठवायची नाही.

पण ही हाडं आणि कातडी गावात कुणी हाताळायची, हे जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. मेलेलं जनावर ओढून नेणं महारांच्या माथी, कातडं कमावणं ढोरांच्या, त्याच्या वहाणा शिवणं चांभारांच्या. ज्यांनी ही कामं त्यांच्यावर लादली त्यांनीच त्यांना वेशीबाहेर ठेवलं. शिरूर तालुक्यातल्या कोरेगाव भीमाजवळच्या विजयस्तंभाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १ जानेवारी १९२७ रोजी भेट दिली, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये महाडला मेलेल्या जनावराचं मांस सोडून देण्याचं आवाहन केलं. जिलेटिनच्या कुळाचा वृत्तांत लिहायचा तर हे पान वगळता येत नाही. ज्या मालाला हात लावला म्हणून माणसांना विटाळ ठरवलं, तोच माल आज गाळलेल्या हवेच्या कपाटात हातमोजे घालून हाताळतात. तिथे उलटी काळजी असते. माणसाच्या हाताने हा बाटू नये.

याची पहिली मोठी फजितीही प्रयोगशाळेतच झाली. १८८१ च्या सुमारास जर्मनीत रॉबर्ट कॉख जिवाणू वाढवण्यासाठी जिलेटिनचे थर वापरत होते. रोगाचे जिवाणू शरीराच्या उबेत, म्हणजे ३७ अंशांना खुशीत वाढतात, आणि आपला गृहस्थ ३० ते ३५ अंशांतच पातळ होतो. त्यात काही जिवाणू तर याला सरळ खाऊन त्याचं पाणी करत. कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वाल्टर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस यांनी स्वयंपाकघरातला उपाय सुचवला: समुद्रशेवाळातून मिळणारं आगर वापरून पाहा. आपल्याकडे खिरीत, पुडिंगमध्ये चायना ग्रास म्हणून पडतं तेच. आगर एकदा धरलं की ऐंशी अंशांच्या पुढे गेल्याशिवाय सुटत नाही, आणि फारच थोडे जिवाणू त्याला तोंड लावतात. जिलेटिनची त्या जागेवरून कायमची उचलबांगडी झाली. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रत्येक वर्गात ही गोष्ट सांगतात, आणि ती आगराच्या कौतुकाने संपते.

हा मात्र तोवर दुसरीकडे रुजू झाला होता. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी चांदीचे प्रकाशाला भुलणारे कण जिलेटिनमध्ये बसवून दाखवले, आणि पुढची शंभरेक वर्षं जगाची छायाचित्रं याच्या अंगावर उमटली. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' ज्या फितीवर उतरला तिच्यावरही याचाच थर. घराघरांत भिंतीवर टांगलेल्या आजोबा-पणजोबांच्या काळ्या-पांढऱ्या फोटोत चांदीचे कण धरून ठेवणारा हाच. दुसऱ्याला आपल्यात जागा द्यायची आणि आपण दिसायचं नाही, ही याची रीत तिथे पक्की झाली.

ही रीत त्वचेच्या कर्करोगाच्या संशोधकांना का हवीशी वाटली, ते कळायला आधी त्यांची अडचण पाहावी लागते. अनेक दशकं कर्करोगाच्या पेशी प्लॅस्टिकच्या सपाट तबकडीत वाढवल्या गेल्या. ते प्लॅस्टिक त्वचेपेक्षा हजारो पटींनी कठीण. त्यावर पेशी पोळीसारखी पसरते, प्रत्येकीला सारखा प्राणवायू, सारखं खाद्य, सारखं औषध. खऱ्या गाठीत असं नसतं. रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शापलीकडे प्राणवायू धड पोचत नाही. मधल्या पेशी उपाशी, गुदमरलेल्या आणि म्हणूनच चिवट होतात. औषध बाहेरच्यांना मारतं, आतल्या तग धरतात. तबकडीत नामी ठरलेली कितीतरी औषधं माणसात अपेशी ठरली, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. उरला उंदीर. पण उंदराची कातडी पातळ, केसाळ, आणि तिची जखम भरण्याची तऱ्हाही आपल्यापेक्षा वेगळी.

म्हणून त्वचेचा छोटा तुकडाच रचायचा, आणि तो थरावर थर छापून. यंत्र घराच्या छपाईयंत्राचं लांबचं नातेवाईक. २००३ च्या सुमारास अमेरिकेत थॉमस बोलंड यांनी शाईफवारा छपाईयंत्राने जिवंत पेशी मांडून दाखवल्या होत्या. आता बहुतेक ठिकाणी शाईऐवजी सिरिंज असते, सिरिंजमध्ये जेलात कालवलेल्या जिवंत पेशी, खाली बारीक सुई, आणि संगणकाने आखलेल्या वाटेने फिरणारा हात. खालच्या थरात तंतू विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी, वर त्वचेच्या बाह्य थराच्या केराटिनोसाइट पेशी, आणि त्यांच्यामध्ये कर्करोगाच्या पेशींची गोळी.

या कामात जिलेटिनचा लहरीपणा सांभाळणं हे खरं कसब. सिरिंज जास्त कोमट राहिली तर धार ओघळते, आकार राहत नाही. जास्त गार झाली तर सुईत बोळा बसतो, आणि जोर लावून ढकलावं तर आतल्या पेशी चिरडून मरतात. मधली काही अंशांचीच जागा कामाची. दौंड तालुक्यात केडगाव-यवतच्या बाजूला गुऱ्हाळावर गुळव्या उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात सोडून बोटांनी वळून बघतो. पाक कच्चा राहिला तर ढेप धरत नाही, पुढे गेला तर गूळ काळा पडतो. छपाईच्या यंत्रापुढे बसलेली विद्यार्थिनी हाच अंदाज घेत असते. तिच्याकडे तापमापक असतो, तरी सुईच्या टोकाशी लोंबणारा धागा पाहूनच ती मान डोलावते किंवा कपाळाला हात लावते.

छापून झालं तरी संकट टळत नाही. पेशी जगवायच्या तर तुकडा ३७ अंशांच्या उबेत ठेवावा लागतो, आणि तिथे हा पुन्हा पातळ. कॉखच्या वेळचीच रड. या वेळी मात्र त्याला काढून टाकण्याऐवजी माणसांनी त्याच्यासाठी सोबती शोधले. एक अल्जिनेट. तपकिरी समुद्रशेवाळातून आलेला, चुन्यातलं कॅल्शियम भेटलं की क्षणात घट्ट होणारा. आकार तो राखतो. पण मनाने कोरडा. पेशींना धरायला त्याच्या अंगावर हात नाहीत, त्या त्याच्यात नुसत्या लोंबकळत राहतात. दुसरा उपाय बेल्जियममधल्या घेंट इथल्या संशोधकांनी २००० मध्ये मांडला: जिलेटिनच्या धाग्यांना मेथाक्रिलेटचे छोटे आकडे जोडायचे आणि योग्य द्रव्य मिसळून त्याच्यावर प्रकाश टाकायचा. आकड्यात आकडा अडकतो आणि ३७ अंशांनाही हा उभा राहतो. प्रकाश किती वेळ टाकला यावर तो किती कडक होणार ते ठरवता येतं. त्वचेइतका मऊ करा, नाहीतर जुन्या व्रणाइतका टणक. याला जेलमा म्हणतात, आणि जगभरच्या जैवछपाईत आज याचा राबता मोठा आहे.

एवढं शिस्तीत बसवूनही त्याच्या दोन जुन्या खोडी गेल्या नाहीत. त्याच मोलाच्या.

पहिली खोड म्हणजे तो पेशींना धरू देतो. आर्जिनिन, ग्लायसिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल या तीन अमिनो आम्लांची जोडणी पेशींना पकडीसारखी वाटते, हे १९८४ मध्ये पियर्शबाकर आणि रुओस्लाहती यांनी दाखवलं. कोलॅजनकडून आलेल्या या जोडण्या जिलेटिनच्या अंगावर जागोजाग आहेत. पेशी त्या धरते, पाय पसरते, ताण देऊन पाहते, जशी ती कातडीत करते तशी.

दुसरी खोड म्हणजे तो स्वतःला खाऊ देतो. त्वचेतला कर्करोग मूळ जागेवरून हलतो तेव्हा तो आजूबाजूचं कोलॅजन कापत वाट काढतो. त्यासाठी तो जी कात्रीसारखी विकरं सोडतो त्यांतल्या दोघींना शास्त्रज्ञ जिलेटिनेज म्हणतात. जिलेटिन चिरणं हीच त्यांची ओळख. म्हणजे जे हत्यार घेऊन कर्करोग माणसाच्या अंगात शिरतो, तेच हत्यार तो इथे यजमानाच्या पोटात चालवतो. प्लॅस्टिकची तबकडी हे होऊ देत नाही, आगरही नाही, अल्जिनेटही नाही. ते सगळे कणखर. कणखर यजमानासमोर पाहुणा आपलं खरं रूप दाखवत नाही. जिलेटिन मऊ आहे, कापला जातो, म्हणून त्याच्यात शिरलेली पेशी कुठून कुठे गेली, किती वेगाने गेली, औषध दिल्यावर थांबली की वाट बदलली, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. ज्या कमकुवतपणासाठी १८८१ मध्ये त्याला हाकललं, त्याच कमकुवतपणासाठी त्याला परत बोलावलंय.

पाहुणे पुण्यातच मिळतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. देशभरच्या प्रयोगशाळांना लागणाऱ्या पेशींचे वाण गोठवून जपायचे आणि मागेल त्या संशोधकाला पुरवायचे, हे त्याचं एक मोठं काम. मेलॅनोमा या रंगपेशींच्या कर्करोगावर काम करणारे बहुधा दोन वाण मागतात. एक ए-३७५, चोपन्न वर्षांच्या एका बाईच्या गाठीतून काढलेला, ज्याची नोंद १९७३ मध्ये छापली गेली. दुसरा बी-१६, उंदराचा, १९५४ चा. ती बाई कोण होती हे कुणाला ठाऊक नाही. तिच्या पेशी मात्र पन्नास वर्षं अखंड दुभंगत आहेत, आणि मेलॅनोमाची औषधं त्यांच्यावर पारखली जातात.

इथे आपल्या यजमानाबद्दल एक प्रश्न विचारायला हवा, आणि तो शिरूर-दौंडमधूनच विचारायला हवा. याच्या घरी पाहुणा म्हणून आपण कुणाला बसवतो? मेलॅनोमा गोऱ्या कातडीचा मोठा शत्रू. आपल्याकडे तो कमी, आणि होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर, नखाखाली. भेगांत आणि मातीत त्याचा काळा डाग उशिरा दिसतो. आपल्या मातीतला त्वचेचा कर्करोग वेगळ्या वाटेनेही येतो. टाटा मेमोरियल रुग्णालयातले डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये चालीरीतींशी निगडित कर्करोगांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात धोतराचा कर्करोग आहे: वर्षानुवर्षं कमरेला त्याच जागी आवळलेलं धोतर, तिथे घासून काळी पडलेली कातडी, मग न भरणारी जखम, मग गाठ. पुढे साडी नेसणाऱ्या बायकांतही तेच दिसलं. २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी 'बीएमजे केस रिपोर्ट्स'मध्ये अशा दोन बायकांची हकिकत लिहिली. त्यांतल्या एकीचं नेसणं लुगडं होतं.

शिरूरच्या बाजारात, दौंडच्या फलाटावर नऊवारीतल्या म्हाताऱ्या अजून दिसतात. ओचा घट्ट, गाठ त्याच जागी, उन्हातान्हात घाम आणि खुरपणीला वाकून वाकून तिथेच घासणं. जोडीला भाजल्याचे व्रण. चुलीवरचे, गुऱ्हाळावर काहिलीतला रस अंगावर उडाल्याचे. जुन्या व्रणात कित्येकदा दोन-तीन दशकांनी कर्करोग उठतो. १८२८ मध्ये फ्रेंच शल्यविशारद मार्जोलिन यांनी व्रणातल्या अशा फोडांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना त्यांचं नाव आहे. हे सगळे बहुतेक केराटिनोसाइट पेशींचे कर्करोग. मेलॅनोमाची सगळी औषधं त्यांना लागू पडत नाहीत, आणि ए-३७५ त्यांच्याबद्दल काही सांगत नाही.

यजमानाची हरकत नाही. व्रणाइतका टणक हो म्हटलं तर होतो, ज्या पेशी द्याल त्या घेतो, कुणाची जात, गाव, वंश विचारत नाही. हे विचारलं जातं ते आधीच्या पायरीवर: कुणाच्या गाठीचा तुकडा प्रयोगशाळेपर्यंत पोचतो आणि कुणाचा नाही. जगभर फिरणाऱ्या पेशींच्या वाणांत युरोपीय वंशाच्या माणसांचा भरणा आहे. लुगडं नेसणारी त्या यादीत सहसा नसते.

दोष त्याच्यातही आहेत, ते झाकून चालणार नाही. तो आजही जनावरांच्या हाडा-कातड्यांतून येतो. प्रयोगातले उंदीर वाचवायला निघालेल्या वाटेवर डुकराची कातडी आणि गाई-म्हशींची हाडं लागतात. एका पिशवीतला दुसऱ्या पिशवीतल्यासारखा वागेलच असं नाही. त्याचा धर मोजायला ब्लूम नावाचं माप आहे, ५० पासून ३०० पर्यंत, पण एकाच ब्लूमचे दोन माल छपाईत वेगळे निघू शकतात. छापलेल्या तुकड्यात रक्त वाहत नाही, शरीराची संरक्षक फौज बहुधा नसते. त्यामुळे तो सांगतो ते खरं असलं तरी सगळं नसतं. तरीही त्याच्या साक्षीला आता कायद्यात जागा झाली आहे. मार्च २०२३ मध्ये भारत सरकारने नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती केली, आणि प्राण्यांऐवजी मानवी पेशींच्या त्रिमिती प्रतिकृतींसारख्या पद्धतींना दार उघडलं.

दार उघडलं म्हणून पुण्यातली छपाईयंत्रं आपोआप आपल्या प्रश्नांवर चालू लागतील असं नाही. शिरूर आणि दौंड, दोन्हींपासून पुणे सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. त्या वाटेवर पहिलं पाऊल संशोधकाचं नसून घरच्यांचं आहे. आजीच्या कमरेच्या गाठीखालची किंवा जुन्या भाजल्या जागेवरची जखम महिना-दीड महिना भरत नसेल तर तिच्यावर हळद दाबत बसू नये, दवाखान्यात दाखवावी. डॉक्टर तुकडा काढतील, तो तपासला जाईल. त्या तुकड्याचं उत्तर आधी त्या आजीला मिळावं, वेळेवर, तिला कळेल अशा भाषेत. उरलेला कण मग, तिला विचारून, जिलेटिनकडे जावा.